मागची काच

मद्रासमध्ये मोटारीची काच गरम करायचं यंत्र, ही गोष्टच मुळात हसण्यासारखी होती. ज्या गावात उन्हाळ्यात उभ्या गाडीचं दार उघडायचं तर हाताला फडकं गुंडाळावं लागतं, तिथं काच तापवायला वेगळ्या तारा कशाला हव्यात? जनकोजी हसलाच. पुदुपेटेतल्या अरुंद गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारींच्या विजेची कामं करता करता त्याची वीस वर्षं गेली होती. डायनॅमो, बॅटरी, हॉर्न, दिवे, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. पण मागच्या काचेला आतून केसासारख्या बारीक तारा चिकटवलेली गाडी तो पहिल्यांदाच पाहत होता.

"हसू नका हो," गुरुमूर्ती राव म्हणाले. "काम होणार कीं नाही, एवढं सांगा."

जनकोजीनं हसू आवरलं. गुरुमूर्ती राव हायकोर्टातले वकील, मूळचे तंजावरचे मराठी, म्हणजे त्याच्याच मुलखातले. गेली काही वर्षं त्यांची गाडी त्याच्याकडे यायची, तीही जनकोजीच्या मराठीखातर. दोघांना आपापल्या घराबाहेर ती बोलायला मिळायची नाही. पण ही गाडी जनकोजीला नवी होती. कुठल्याशा परदेशी साहेबानं मायदेशी परतताना विकलेली, थंड मुलखात बनलेली, म्हणून तिला हे काच तापवायचं खटलं. साहेबाच्या देशात काचेवर बर्फ साचत असेल. आपल्याकडे साचते ती वाफ, आणि तीसुद्धा पावसाळ्यात काचा वर करून बसलं तरच.

आणि पाऊस तर होताच. चौसष्ट सालचा कार्तिक. तीन दिवस अडै मळै लागली होती; अडै मळै म्हणजे आपली झड, थांबायचं नाव नाही. दुपारचे दोन वाजले होते आणि शेडमध्ये दिवा लावावा लागला होता. पत्र्यावरच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकायला जवळ यावं लागत होतं. ओल्या पोत्यांचा, ॲसिडचा आणि जुन्या ग्रीसचा वास कोंडून राहिला होता.

"होईल कीं," जनकोजी म्हणाला. "तार म्हणजे तार. पण राव, एवढा हट्ट कशाला? फडक्यानं पुसली कीं झालं."

रावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते काचेकडे पाहत होते.

"पुसून जात नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं, मी ही गाडी मागं घेतलेली नाही जनकोजी. एकदाही नाही. पुढं काढता येईल अशीच जागा बघून उभी करतो. नाही मिळाली तर अख्ख्या मैलापूरला वळसा घालतो. आज तुमच्या शेडमध्ये नाक घालून आणली आहे. बाहेर तुमीच काढून द्या."

एवढा मोठा वकील आणि गाडी मागं घ्यायला भितो, याचं जनकोजीला नवल वाटलं. पण गिऱ्हाइकाच्या विक्षिप्तपणावर बोलायचं नाही हा त्याचा नेम होता. त्यानं रावांना स्टुलावर बसवलं आणि कामाला लागला.

एक गोष्ट मात्र त्यानं मनाशी ठरवून टाकली. गाडी काढायची ती चार वाजायच्या आत किंवा मग विद्या आल्यावर. विद्या म्हणजे विद्युलता, त्याची मुलगी, वय वर्षं आठ. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, एकुलती एक. विजेचं काम करणाऱ्याच्या घरी आली म्हणून त्यानं हौसेनं विद्युलता नाव ठेवलं, आणि गल्लीतल्या तमिळ जिभांनी आठवड्यात तिची विद्या करून टाकली. चारला शाळा सुटली की ती थेट शेडवर यायची आणि बाप गाडी मागं घेत असला की रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाशी उभी राहून हात हलवायची. "या अप्पा, या, या, या… पोदुम!" म्हणजे पुरे. मांडीएवढी पोर, पण लॉरीवालेसुद्धा तिचं ऐकायचे.

हे "या" जनकोजीनंच शिकवलेलं. सुरुवातीला ती "ये ये" करायची. तो म्हणाला, "मांजर बोलावतेस काय? गाडीत गिऱ्हाईक बसलेलं असतं. 'या' म्हणायचं." तेव्हापासून तिनं तोंडातून कधी "ये" काढलं नाही. आणि दुसरा नियम भवानीचा, तिच्या आईचा: खांब सोडायचा नाही. "गाडीच्या मागं पोरीला उभी करता, माझा जीव टांगणीला लागतो," असं भवानी रोज म्हणायची, आणि जनकोजी रोज "खांबाशी असते गं ती," म्हणून तिची समजूत काढायचा. खरं सांगायचं तर त्याचाही जीव टांगलेलाच असायचा. पण लेकीचा तो तोरा त्याला बघावासा वाटायचा.

तर तो कामाला लागला. फ्यूज पाहिला, शाबूत. स्विच दाबला, तर त्यातला बारका लाल दिवा लागेना. टेस्ट लँपची एक वायर बॉडीला टेकवून त्यानं दुसरी काचेच्या डाव्या कडेला लावली; लँप पेटला. म्हणजे वीज इथवर येत होती, पुढं जायला वाट नव्हती. उजव्या कडेची, वीज परत बॉडीत नेणारी अर्थ वायर मागच्या सीटखाली स्क्रूनं आवळलेली होती. सीट उचलली तर स्क्रू गंजून तांबडा झालेला आणि खालचा पत्रा ओला. काल-परवाची नव्हे, जुनी ओल होती ती. नदीच्या गाळासारखा वास आला.

"पाण्यातून गेली होती काय हो गाडी?" त्यानं सहज विचारलं.

जनकोजीनं सँडपेपरनं गंज घासला, स्क्रू नवा घातला, आवळला. आणि मग, पत्र्यावरचा पाऊस जरा कमी झाला तेव्हा, राव आपण होऊन बोलू लागले.

"मागच्या कार्तिकात आमी श्रीपेरुंबुदूरला देवळात गेलो होतो. मी आणि अंबुजा. माझी बायको… तुमी तिला पाहिलं नसेल. येताना असाच पाऊस. रस्त्यावर एके ठिकाणी पुढं नदीचं पाणी चढलेलं. म्हटलं, मागं घेऊ या. बाजूला खड्डा, काचेवर वाफ, काही दिसेना. हा स्विच दाबला, तर चालेना. अंबुजा म्हणाली, मी उतरून बघते."

जनकोजीचे हात थांबले.

"ती मागं गेली. बघून परत गाडीत बसायला येत होती… मागून वळसा घालून. आणि म्हणत होती, 'येते, येते.' म्हणजे, थांबा, मी येते. पावसात मला 'ते' ऐकूच आलं नाही हो. मला ऐकू आलं ते, 'ये… ये…' मला वाटलं, मागं ये म्हणते आहे." त्यांनी ओठ पुसले. "मी घेतली मागं."

जनकोजीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बारा वर्षांचा संसार, जनकोजी. बारा वर्षांत तिनं मला कधी 'ये' म्हटलं नव्हतं. आपल्यात कोण म्हणतं नवऱ्याला? ती 'या' म्हणाली असती. 'येऊ द्या' म्हणाली असती. एवढं मला कळायला नको होतं? भल्याभल्या साक्षीदारांची मी शब्द धरून उलटतपासणी घेतो… आणि घरच्या माणसाचा एक शब्द मला कळला नाही."

जनकोजीला वाईट वाटलं, पोटातून वाईट वाटलं. तो म्हणाला, "राव, तुमी समोर कॉफी घेऊन या. मी एवढं संपवतो. काच आरशासारखी करून देतो बघा."

"तेवढंच करा," राव उठत म्हणाले. "सगळे म्हणतात, विकून टाक. विकणार नाही. मला एकदा त्या काचेतून नीट बघायचं आहे. मागं कोणी नाही, एवढं एकदा दिसू दे." छत्री उघडून ते समोरच्या हॉटेलात गेले.

एकटा राहिल्यावर जनकोजीनं स्विच दाबला. लाल दिवा लागला. आता तारा तपासायच्या. त्याची एक साधी रीत त्यानं तिथल्या तिथं शोधून काढली. काचेवर तोंडानं वाफ सोडायची आणि बघत बसायचं. जी तार चालू, तिच्या भोवतीची वाफ आधी उडते. जी तुटलेली, तिची रेघ तशीच धुरकट राहते. तो मागच्या सीटवर गुडघे टेकून बसला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत "हा… हा…" करत वाफ सोडत गेला. मिनिटाभरात रेघा साफ होऊ लागल्या. वरून तिसरी तेवढी राहिली. टेस्ट लँप सरकवत त्यानं तुटका ठिपका हुडकला, तांब्याचा बारीक तंतू घेऊन जोडला, वर लाखेचा थेंब दिला. पुन्हा वाफ सोडली. सगळ्या रेघा भराभर साफ झाल्या. जनकोजी स्वतःवर खूष झाला.

पण काचेच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, बशीएवढा एक धुरकट गोल राहिला.

त्यानं फडक्यानं पुसला. गेला नाही. तारा पुन्हा तपासल्या. तीन तारा त्या गोलातूनच जात होत्या आणि तिन्ही जिवंत होत्या. त्यानं तळवा लावून पाहिला. बाकी काच तव्यासारखी तापलेली. तेवढा गोल गार. आणि बोटाला ओल लागली नाही, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की वाफ आतून नव्हतीच. बाहेरून होती.

तो खाली उतरला आणि मागं गेला. गाडी शेडच्या आत, पत्र्याखाली. बाहेरून काचेला पावसाचा थेंब लागत नव्हता. गोल मात्र होता. त्यानं बाहीनं पुसून टाकला. काच लखलखीत झाली. तो पुन्हा आत येऊन बसला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो परत उमटला. आधी मध्ये एक ठिपका, मग पसरत पसरत बशीएवढा. थोडा आक्रसला. पुन्हा पसरला. पुन्हा आक्रसला.

जनकोजीनं आपला श्वास रोखला. गोल पसरतच राहिला, आक्रसतच राहिला.

कोणी गाडीच्या मागं वाकून, काचेला तोंड लावून आत बघत उभं राहिलं तर जेवढ्या उंचीवर येईल, तेवढ्याच उंचीवर होता तो. मागं तर कोणी नव्हतं. नदीच्या गाळाचा वास पुन्हा आला, आता जास्तच.

असल्या गोष्टींवर जनकोजीचा विश्वास नव्हता. विजेचं काम करणाऱ्याचा नसतोच. चालत नसेल तर तार तुटली आहे, एवढंच त्याला माहीत असतं. पण त्याला दरदरून घाम फुटला, हे काही खोटं नाही. त्याच्या मनात एकच आलं: गाडी शेडमधून बाहेर काढायची, रावांच्या हवाली करायची आणि घरी जायचं. चार वाजायची, विद्याची वाट बघायची, काही नको. विद्या इथं यायच्या आतच ही गाडी गेलेली बरी.

तो पुढं जाऊन बसला. इंजिन सुरू केलं. आरशात पाहिलं तर मागची काच, तारा, आणि मधोमध तो गोल. रस्ता काही दिसत नव्हता. बाजूच्या आरशात शेडच्या तोंडाशी पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा दिसल्या. खांब धूसर दिसला. खांबाशी कोणी नव्हतं. रिकामाच आहे रस्ता, असं म्हणून त्यानं क्लच सोडला आणि गाडी हळूहळू मागं घेतली.

आणि मागून आवाज आला.

"ये… ये…"

बारीक, गोड आवाज. पावसात अर्धा बुडालेला. विद्या आली वाटतं, त्याच्या मनात आलं; पावसामुळे शाळा लवकर सोडली असेल. रोजची सवय, आवाजासरशी पाय ब्रेकवरून उचलला गेला. गाडी जरा जोरात मागं सरकली.

"ये… ये…"

'ये'?

विद्या 'या' म्हणते. त्याची स्वतःची आई गेल्यापासून त्याला या जगात 'ये' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. जनकोजीनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली. दार उघडंच टाकून तो पावसात धावला.

गाडीच्या मागं, बंपरपासून वीतभर अंतरावर, विद्या उभी होती. दप्तर पाठीला, छत्री चिखलात पडलेली. उजवा हात बाजूला, जरा वर उचललेला. मोठ्या माणसाचा हात धरून पोरं उभी राहतात ना, तसा. ती घाबरलेली नव्हती. हसत होती.

जनकोजीनं तिला उचलून छातीशी धरलं. इतकं घट्ट की ती "अप्पा, दुखतं," म्हणाली.

"खांब सोडून इथं कशाला आलीस? सांगितलं नव्हतं तुला? आणि 'ये' कशाला म्हणालीस?" तो ओरडत होता आणि रडतही होता.

"मी नाही अप्पा म्हणाले! मी तर आत्ताच आले. त्या मामी म्हणाल्या."

"कोण मामी?"

"हितं होत्या कीं. खांबाशी उभी राहू नकोस, भिजशील, हितं ये म्हणाल्या. माझा हात धरला. गार होता त्यांचा हात." तिनं गाडीकडं मान वळवली. "आणि तुमी गाडी घेतली तेव्हा म्हणाल्या, येते, येते."

हॉटेलातून आवाज ऐकून गुरुमूर्ती राव धावत आले होते. तिचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं आणि छत्री तशीच खाली सोडून ते पावसात उभे राहिले. मग सावकाश गाडीत जाऊन बसले, स्विच दाबला, आणि आरशात पाहत राहिले. जनकोजीनंही मागून पाहिलं. काच साफ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. आत बसलेल्या रावांच्या मानेवरचे पांढरे केससुद्धा दिसत होते. गोल नव्हता.

दहा मिनिटं झाली तरी तो उमटला नाही.

"गेली," राव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आपल्या माणसांत 'जाते' असं कोणी म्हणत नाही जनकोजी. निघताना 'येते' म्हणतात. त्या दिवशी तिला निरोप घ्यायला मिळाला नव्हता… आज घेतला. तुमच्या पोरीपाशी घेतला." त्यांनी विद्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मग वर्षात पहिल्यांदा त्यांनी स्वतः गाडी मागं घेतली, गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि निघून गेले.

जनकोजीला त्यांचं म्हणणं पटलं. पटवून घ्यायचंच होतं त्याला. निघताना 'येते' म्हणतातच की. तो स्वतः रोज सकाळी उंबऱ्यात भवानीला "येतो" म्हणूनच बाहेर पडायचा. त्यानं शेडला कुलूप लावलं, विद्याला कडेवर घेतलं, आठ वर्षांच्या घोडीला, आणि दोन गल्ल्या ओलांडून घरी आला. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

घर म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या. खिडकीखाली थेट रस्ता; ना गॅलरी, ना कठडा. भवानीनं विद्याचं डोकं पुसलं, गरम रसम-भात भरवला. जनकोजी तिला झाल्या प्रकारातलं काही सांगणार नव्हता. उद्यापासून पोरीला शेडवर येऊ द्यायचं नाही, एवढं मात्र त्यानं पक्कं ठरवलं होतं. तो जेवून हात धुवत होता. दिवेलागण नुकतीच झाली होती.

"विद्या, कितीदा सांगायचं, खिडकीशी बसू नकोस गं," आतून भवानी म्हणाली. "काच पुसून पुसून हात दुखले माझे. तू आल्यापासून एकाच जागी वाफ धरते आहे."

जनकोजी बाहेरच्या खोलीत आला. विद्या ट्रंकेवर गुडघे टेकून खिडकीच्या बंद काचेला नाक लावून बसली होती. तिच्या तोंडासमोर बशीएवढा एक धुरकट गोल होता. त्यानं तिला बाजूला सारलं आणि हातानं काच पुसली. काच आतून कोरडी होती. गोल थोडा आक्रसला, आणि पुन्हा पसरला.

विद्यानं त्याचा सदरा ओढला.

"अप्पा, त्या गाडीला लावल्या तशा तारा हितं पण लावा कीं. मामींचं तोंड नीट दिसत नाही."